पत्ता, पेटी आणि किल्ली : छोट्या पेढीचा ईमेल फोनवर कसा आला



आजच्या विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सत्तरी ओलांडली, आणि आता बोलायला उभे राहिलो ते कशावर, तर छोट्या व्यवसायाचा ईमेल फोनवर कसा बसवतात यावर! पण आमचा अनुभव असा आहे, की मोठे प्रश्न बऱ्याचदा किरकोळ कामांत दडून बसलेले असतात. हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो सांगलीहून चालून आला.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची सांगलीत हळदीची पेढी आहे. आजोबा अडत करायचे, वडिलांनी हळद दळायला सुरुवात केली, आणि हा आता पाकिटं भरून परराज्यांत, थोडीफार परदेशातही पाठवतो. मालकासकट माणसं नऊ. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी त्याचा फोन आला. आमचा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे, त्याचा नंबर त्याला हवा होता. म्हणाला, "सर, पेढीचा ईमेल बंद पडलाय. चार दिवस एकही मेल नाही. आम्हाला वाटलं, बाजार थंड आहे. आज एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, 'पाठवलेली मेल परत येतायत, पेढी चालू आहे ना?'"

चौकशी केल्यावर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका तरुणाने पेढीची वेबसाइट बनवून दिली होती. पेढीच्या नावाचे डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात शेवटी येते ते नाव, त्यानेच नोंदवले होते आणि नोंदवताना स्वतःचा खासगी ईमेल दिला होता. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या खासगी पेटीत जात राहिल्या. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता, ती पेटी तो उघडतच नव्हता. मुदत संपली, नाव गेले, आणि नावाबरोबर नऊ जणांच्या फोनवरचे टपाल थांबले. मुदत टळल्यावरही नाव सोडवून घ्यायला काही दिवस मिळतात. मुलगा सज्जन निघाला, त्याने जुनी पेटी उघडून दिली, थोडे जास्त पैसे भरून नाव परत मिळाले. काम झाले. पण आमच्या विद्यार्थ्याने जाता जाता एक प्रश्न विचारला, "सर, नाव पेढीचं, पाटी पेढीची, पैसे पेढीचे. मग पत्ता त्या पोराचा कसा काय झाला?"

आम्ही त्याला म्हटलं, अरे, हा तर आमच्याच विषयातला प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर तत्त्वज्ञानात नाही, इतिहासात आहे. तो इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात कागदापासून करू. पेढी बोलते म्हणजे काय? पेढीला तोंड नसते. तिच्या वतीने कुणीतरी माणूसच बोलतो. थॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन'मध्ये या गोष्टीचा विचार केला आहे. तो म्हणतो ते थोडक्यात असे, की काही माणसे स्वतःचे शब्द बोलतात, आणि काही माणसे दुसऱ्याच्या मालकीचे शब्द बोलतात. दुसऱ्या प्रकारात बोलणारा नटासारखा असतो, शब्दांची जबाबदारी त्या शब्दांच्या धन्यावर असते. व्यक्ती या अर्थाचा जो लॅटिन शब्द आहे, पर्सोना, त्याचा मूळ अर्थच मुखवटा असा आहे.

आता हे सगळं हॉब्ज न वाचता आपल्या दिवाणजींना नीट ठाऊक होतं! पत्र लिहायचे ते पेढीच्या छापील कागदावर. खाली सही करायची, पण सहीच्या वर पेढीचे नाव आणि 'करिता'. त्या एका 'करिता'त हॉब्जचे अख्खे प्रकरण आले. मग पत्राला जावक क्रमांक द्यायचा, त्याची स्थळप्रत फायलीला लावायची आणि मूळ प्रत टपालात टाकायची. दिवाणजी उद्या नोकरी सोडून गेले तरी स्थळप्रत पेढीतच राहते. नवा माणूस येतो, फाईल उघडतो, आणि अमुक व्यापाऱ्याला काय भाव कळवला होता ते त्याला दिसते. माणूस बदलला तरी पेढीची आठवण शाबूत.

आणखी एक जुनी गोष्ट तरुणांना माहीत नसेल. पूर्वी व्यापाऱ्यांच्या लेटरहेडवर एका कोपऱ्यात 'तार' असे लिहून पुढे एकच शब्द असायचा. तो तारेचा पत्ता. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत. म्हणून पेढीने एक छोटा शब्द निवडायचा, तारघरात त्याची नोंद करायची, त्याचे शुल्क भरायचे. मग त्या शब्दावर आणि गावाच्या नावावर आलेली तार बरोबर पेढीत पोचायची. आपल्या देशातली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. पण ही कल्पना ओळखीची वाटते की नाही? शुल्क भरून राखलेला छोटा शब्द, त्याच गावात तो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, आणि त्यावर आलेला निरोप आपल्याचकडे येणार. आजचे डोमेन म्हणजे दुसरे काय आहे?

तर कागदाच्या काळात तीन गोष्टी होत्या. एक पत्ता, म्हणजे लोकांनी कुठल्या नावाने पाठवायचे. दुसरी पेटी, म्हणजे आलेले-गेलेले पत्र कुठे राहते. तिसरी किल्ली, म्हणजे ते कुणी उघडायचे आणि पेढीच्या नावाने कुणी उत्तर द्यायचे. या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली होत्या. पत्ता दारावरच्या पाटीवर, पेटी म्हणजे मागच्या खोलीतले कपाट, आणि किल्ली मालकाच्या खिशात. एकत्र होत्या म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कधी जाणवलेच नाही. ईमेलने त्या एकेक करून सोडवल्या, आणि आमच्या विद्यार्थ्याचं कोडं तिथूनच सुरू होतं.

आता १९७१ सालात जाऊ. अमेरिकेत केंब्रिज या गावी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची कंपनी होती, तिथे रे टॉमलिन्सन काम करत. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला निरोप पाठवायचा, तर माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे ओळखू यायला हवे. दोहोंच्या मध्ये ठेवायला त्यांनी @ हे चिन्ह निवडले. गंमत पहा, हे चिन्ह व्यापाऱ्यांच्या बिलातले आहे, 'अमुक दराने' या अर्थाचे. आपल्या बाजारातल्या इंग्रजी बिलांतही ते सर्रास दिसते. व्यापाराच्या या चिन्हाच्या डाव्या बाजूला माणूस आला आणि उजव्या बाजूला घर. आमच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची विभागणी आहे. डावीकडचा माणूस बदलू शकतो, उजवीकडचे घर टिकायला हवे.

सुरुवातीला उजवीकडे खरोखरच एका यंत्राचे नाव असे. यंत्र बदलले की पत्ता बदलला. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली, आणि नाव हे यंत्रापासून सुटे झाले. पुढे १९८६ मध्ये त्यात आणखी एक सोय आली. अमुक नावाचे टपाल कुठल्या यंत्राकडे न्यायचे, एवढेच सांगणारी वेगळी नोंद नावाजवळ ठेवता येऊ लागली. हिला एमएक्स नोंद म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर पाटी एका जागी आणि टपालाची पेटी दुसऱ्या जागी, असे करणे आता शक्य झाले. पेटी ठेवणारा आवडला नाही तर पेटी हलवा, पाटी तीच. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. म्हणजे पत्ता आणि पेटी वेगळे झाले ते १९८६ मध्ये.

त्याच सुमाराला पेटीचाही एक वाद उभा राहिला, आणि तो थेट आपल्या फोनपर्यंत येतो. १९८४ साली पॉप नावाची पद्धत आली. तिची कल्पना अशी, की टपाल कचेरीत जायचे, आपली पत्रे उचलायची आणि घरी आणायची. कचेरीतली पेटी रिकामी. ज्याचे यंत्र एकच त्याला हे ठीक होते. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप या पद्धतीवर काम सुरू केले. तिची कल्पना उलटी. पत्रे पेटीतच राहू द्या, तुम्ही कुठल्याही यंत्रावरून येऊन वाचा, जे वाचले त्यावर खूण राहील, जे उत्तर दिले त्याची प्रत तिथेच राहील.

हा फरक तांत्रिक वाटतो, पण छोट्या पेढीत याने घरगुती भांडणे लावली आहेत. दुकानातल्या संगणकावर पॉप बसवलेले, 'उचलल्यावर सर्व्हरवर ठेवू नका' अशी खूण केलेली, आणि मालकाच्या फोनवर तोच पत्ता. सकाळी दिवाणजी संगणक लावतात, सगळी पत्रे तिकडे ओढली जातात, आणि बाजारात उभा असलेला मालक फोनकडे बघत बसतो. मग संशय, 'तुम्ही मेल पुसता का?' बिचाऱ्या दिवाणजींनी काही पुसलेलं नसतं! अशा वेळी माणसावर रागावण्यापूर्वी पेटीची पद्धत पाहावी.

सांगलीकरांना पेटीची गोष्ट आम्ही पेवाच्या उदाहरणाने सांगतो. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं प्रसिद्ध होती. माल व्यापाऱ्याचा, पेव दुसऱ्याच्या जमिनीत. कुणाचा माल कुठल्या पेवात हे कागदावर पक्के असले की झाले. दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला पत्रव्यवहार ठेवणे तसेच आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट फायदा आहे. २००५च्या महापुरात त्या पेवांचेच फार नुकसान झाले. २०१९च्या पुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी चाळीस वर्षे जपलेल्या स्थळप्रतींचा लगदा झाला. पण त्या वेळेपर्यंतचा ईमेल नऊच्या नऊ फोनांवर जसाच्या तसा दिसत होता, कारण तो त्या कपाटात नव्हताच. वडील तेव्हा म्हणाले होते, "माझी आठवण भिजली, पोराची कोरडी राहिली."

आता आपल्या देशात येऊ. संशोधन आणि शिक्षण संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे १९८६ मध्ये सुरू झाले. त्यात मुंबईची एनसीएसटी ही संस्था होती, आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती. म्हणजे ईमेल आपल्याकडे आधी प्राध्यापकांच्या घरी आला, व्यापाऱ्यांच्या नाही. (आमच्या विभागात मात्र तो आला नाही, तत्त्वज्ञानाला घाई कसली!) सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी, ती किरकिर, मध्येच फोन आला की तुटणे, हे ज्यांनी अनुभवले त्यांना आठवत असेल.

लगेच पुढच्या वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. फुकट, आणि जगातल्या कुठल्याही संगणकावरून उघडता येणारे. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांची ईमेलशी पहिली भेट झाली ती अशा फुकट पेट्यांतून. सायबर कॅफेत जाऊन भाच्याने पत्ता काढून दिला, तोच व्हिजिटिंग कार्डावर छापला.

इथे एक गोष्ट हातातून सुटली, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. @च्या उजवीकडे आता पेढीचे नाव राहिले नाही, पेटी देणाऱ्या कंपनीचे नाव आले. जुन्या भाषेत सांगायचे तर पेढी 'द्वारा' झाली. अमुक हळदवाले, द्वारा तमुक. आणि डावीकडेसुद्धा बऱ्याचदा भाच्याचेच नाव आणि त्याचे जन्मसाल! गरिबीत हे चालून जाते, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण ज्याच्या नावाने पेटी, त्याचीच ती पेटी. त्याच्या फोनवर ओटीपी जातो, त्याच्या आठवणीत पासवर्ड राहतो. भाचा रुसला की पेढी मुकी.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, नोंदणीला ईमेल आणि मोबाइल लागू लागले. पुष्कळ छोट्या व्यापाऱ्यांचे अर्ज दुसऱ्यांनी भरून दिले आणि त्यात स्वतःचाच ईमेल आणि नंबर घातला. मग व्यापाऱ्याला स्वतःच्याच नोंदणीत शिरता येईना. तक्रारी इतक्या झाल्या, की २०१८ मध्ये सरकारला जाहीर करावे लागले की संबंधित कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रे घेऊन जा आणि ईमेल-मोबाइल बदलून घ्या. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हजारोंचा प्रश्न होता, तो असा.

पत्ता परत पेढीच्या नावावर आणायची सोय मात्र त्याआधीच झाली होती. २००६च्या ऑगस्टमध्ये गुगलने, तुमचे डोमेन आणा, पेटी आम्ही देतो, अशी सेवा काढली. आरंभी ती फुकट होती. २००७ मध्ये माणशी वर्षाला पन्नास डॉलरची सशुल्क आवृत्ती आली, आणि २०१२च्या डिसेंबरपासून नव्या लोकांना फुकट देणे बंद झाले. मायक्रोसॉफ्टची अशीच सेवा २०११ मध्ये आली. आज आपल्याकडच्या अनेक छोट्या कंपन्या या किंवा अशाच एखाद्या देशी सेवेवर असतात. सर्व्हर घ्या, वेगळी खोली ठेवा, तो सांभाळायला माणूस ठेवा, हे काही करावे लागत नाही. नऊ माणसांच्या पेढीला मोठ्या कारखान्यासारखा पत्ता मिळाला.

राहिली किल्ली. तिचा इतिहास फोनचा इतिहास आहे.

कंपनीचा ईमेल खिशात आणला तो ब्लॅकबेरीने. कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये पहिले असे यंत्र काढले. पत्र आले की ते आपणहून हातात येऊन पडायचे. पण त्यासाठी कंपनीत स्वतंत्र सर्व्हर लागे, म्हणून ते साहेबांचे यंत्र राहिले. २०१० साली आपल्या सरकारचा आणि या कंपनीचा वाद झाला. सुरक्षेसाठी आम्हाला संदेश वाचता आले पाहिजेत, असे सरकारचे म्हणणे. कंपनीचे उत्तर असे, की मोठ्या कंपन्यांच्या ईमेलची किल्ली आमच्याकडे नाहीच, ती ज्या त्या कंपनीकडे आहे. तो वाद कसा मिटला हा आजचा विषय नाही. पण 'किल्ली कुणाकडे' हा प्रश्न त्या वेळी देशाने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचला.

तोवर फोन बदलले होते. आयफोन २००७ मध्ये आला, पण कंपनीच्या ईमेलची पूर्ण सोय त्यात आली २००८च्या जुलैत. त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला. २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि हळदीच्या सौद्यात उभा असलेला माणूसही पत्राला उत्तर देऊ लागला. मालकाने नोकराला फोन घेऊन दिला नाही, नोकराच्या स्वतःच्या फोनवर पेढीचा ईमेल बसवला. छोट्या व्यवसायात हेच चालते.

इथे दुसऱ्या बाजूचा अन्याय सुरू झाला, आणि तो आम्हाला सांगितलाच पाहिजे. २००८च्या त्या सोयीबरोबर फोन दूरवरून पुसून टाकायची सोयही आली. हेतू चांगला होता, फोन हरवला तर पेढीची पत्रे परक्याच्या हाती पडू नयेत. पण पुसला जायचा अख्खा फोन. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने नोकरी सोडली, त्या संध्याकाळी तिचा फोन कोरा झाला. त्यात तिच्या आजीचे शेवटचे फोटो होते. कंपनीने नियमाप्रमाणेच केले होते. तिनेही पहिल्या दिवशी, 'फोनवर कंपनीचा अधिकार राहील' या ओळीखाली न वाचता 'मान्य' दाबले होते. पेढीची पत्रे पेढीची, हे खरेच. पण आजीचे फोटो पेढीचे कसे?

मघा आपण भाच्याच्या पेटीत पेढी अडकलेली पाहिली. इथे पेढीच्या किल्लीत माणूस अडकला. दोन्हीकडे चूक एकच आहे, पेढी आणि व्यक्ती यांच्यामधली भिंत नाही. यावर उपाय निघायला काही वर्षे लागली. अँड्रॉइडमध्ये २०१४-१५च्या सुमारास 'वर्क प्रोफाइल' आले, म्हणजे एकाच फोनमध्ये कामाचा कप्पा निराळा. आयफोनमध्ये २०१९ला तशीच सोय झाली. आता माणूस सोडून गेला की पेढी आपला कप्पा काढून घेऊ शकते, घरच्या कप्प्याला हात लावत नाही. पण ही भिंत आपोआप उभी राहत नाही. ईमेल बसवतानाच ती मागावी लागते.

किल्लीचा आणखी एक बदल अलीकडचा आहे. आधी फोनमध्ये पासवर्ड टाकला की तो तिथेच साठवला जाई आणि फोन दर वेळी तोच दाखवून आत जाई. म्हणजे प्रत्येकाच्या खिशात तिजोरीची मूळ किल्ली. आता फोनला पासवर्ड दिला जात नाही. आपण पेटीवाल्याच्या पानावर ओळख पटवतो, आणि पेटीवाला फोनला एक परवाना देतो. फोन हरवला तर तेवढा परवाना रद्द, बाकीच्यांचे काम चालू. २०२२च्या मेअखेर गुगलने आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने जुनी पद्धत बंद करत नेली. त्या दिवसांत अनेकांच्या जुन्या फोनवरचे मेल एकाएकी थांबले. लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून दमले. पासवर्ड चुकत नव्हता हो, पासवर्डाचा जमानाच संपत आला होता!

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला मनावर घ्यायचं? मेल म्हणजे काय, दोन ओळी. पण या दोन ओळींना वजन आहे. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली, आणि नंतरच्या दुरुस्तीने अशा मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हेही स्पष्ट केले. २०१०च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटच्या पुरवठ्याचा सौदा ईमेलवर ठरला होता, सह्यांचा औपचारिक करार व्हायचा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने करार झाला असेच मानले. म्हणजे एसटीत बसून फोनवरून लिहिलेले 'भाव मान्य, माल पाठवा' हे पेढीला बांधून टाकू शकते. अंगठ्याने लिहिलं तरी ते 'करिता'च असतं.

आणि जिथे शब्दाला वजन, तिथे खोटा शब्द येणारच. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानले आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, तो आप्त. ईमेलची मूळ रचना करताना 'पाठवणारा खरोखर तोच आहे का' हे तपासायची सोय केलीच नव्हती. सगळे एकमेकांचे ओळखीचे होते ना! मग पेढीच्या नावाने परकाच माणूस गिऱ्हाइकाला लिहितो, 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर भरा.' गिऱ्हाईक भरतो. पैसे गेले, आणि दोन पिढ्यांची ओळखही गढूळ झाली.

यावरचा उपाय आपल्या इतिहासकारांना लगेच समजेल. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत वर शिक्का असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. शिक्का सांगतो पत्र कुणाचे, मोर्तब सांगते की यापुढे कुणी ओळ घुसडलेली नाही. ईमेलला हे शिक्कामोर्तब एकविसाव्या शतकात मिळाले. एसपीएफ ही नोंद सांगते की आमच्या नावाचे टपाल कुठले सर्व्हर पाठवू शकतात. डीकिम ही खूण सांगते की मजकूर वाटेत बदललेला नाही. आणि २०१२ मध्ये पुढे आलेले डीमार्क सांगते की यात न बसणारे टपाल आले तर त्याचे काय करावे. २०२४च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांकडून ही काळजी सक्तीने मागायला सुरुवात केली. या नोंदी डोमेनपाशी कराव्या लागतात. म्हणजे डोमेन ज्याच्या हातात, त्याच्याच हातात शिक्का. आमचा विद्यार्थी नाव सोडवायला धावला, तेव्हा तो खरं म्हणजे पेढीचा शिक्का सोडवायला धावला होता.

तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पत्ता त्या पोराचा झाला, कारण जुन्या पेढीत एकत्र असलेल्या तीन गोष्टी वेगळ्या झाल्यात हे कुणी त्याच्या वडिलांना सांगितलंच नाही. तंत्रज्ञानाने त्या वेगळ्या केल्या ते भल्यासाठीच. पण वेगळ्या झालेल्या गोष्टी कुणाच्या नावावर आहेत, हे आता मुद्दाम पाहावे लागते.

सांगलीत पुढे काय केले, तेही सांगतो. डोमेन पेढीच्या नावावर घेतले, आणि सूचना मालक व त्याची बहीण अशा दोघांना जातील असे केले. विक्री आणि हिशेब असे कामाच्या नावाचे दोन पत्ते काढले, त्या कामावर जो असेल त्याच्याकडे ते टपाल जाते. एकच पासवर्ड सगळ्यांना देणे बंद केले. प्रत्येकाच्या फोनवर कामाचा कप्पा निराळा, आणि काय पुसले जाईल, काय नाही, हे मराठीत एका कागदावर लिहून वाचून दाखवले. फोन हरवल्यास आत शिरायचे राखीव आकडे तिजोरीत. आणि बँक खाते बदलल्याचा मेल आला, तर कितीही घाई असो, जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

या दिवाळीत आम्ही तिकडे होतो. पाडव्याला वहीपूजन झाले. नवी वही, हळदकुंकू, सगळे रीतसर. मग वडिलांनी चष्मा लावला आणि मुलाला विचारलं, "नावाची मुदत कधीपर्यंत आहे? फोन कुणाकुणाकडे आहेत? कामत सोडून गेला, त्याचा काढला का?" मुलाने वाचून दाखवलं, वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर ते आपल्या अक्षरात लिहून घेतलं. लॅपटॉपवरही आहे म्हणून मुलगा कुरकुरला. वडील म्हणाले, "असू दे. स्थळप्रत आहे ही."

आमचं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फोन बिघडला असेल तर मात्र आमच्या मुलाला विचारा.